खोलीत न थांबणारा हिकिकोमोरी

'एनएचके नी योकोसो' ('एनएचकेमध्ये स्वागत') ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, परत एकदा वाचून काढली, आठही व्हॉल्यूम, आणि पहिल्यांदा वाचताना आला होता तोच वैताग परत आला. मांगा टुकार असती तर एवढं काही वाटलं नसतं. टुकार मांगा ढिगाने पडल्यात, दोन चॅप्टर वाचायचे आणि सोडून द्यायच्या. ही तशी नाहीये. हिचे सुरुवातीचे व्हॉल्यूम वाचताना माणूस सरसावून बसतो, आता हे लोक असं काहीतरी दाखवणार जे मांगात धड कोणी दाखवलेलं नाही असं वाटत राहतं, आणि मग पुढचे व्हॉल्यूमच्या व्हॉल्यूम ती त्या गोष्टीच्या भोवती चकरा मारत बसते, आत काही शिरत नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सातो तात्सुहिरो, वय 22, कॉलेज सोडलेला, खोलीत कोंडून घेतल्याला चौथं वर्ष चालू. एका जुनाट अपार्टमेंटमधली छोटीशी खोली, घरून पैसे येतात, दिवसा झोपायचं, रात्री उठून सिगारेटी ओढायच्या, अगदीच खायला नसेल तर अंधारात जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी आणायचं. आणि डोक्यात एक अचाट थिअरी. एनएचके म्हणजे जपानचं सार्वजनिक टीव्ही-रेडिओ, आपल्या दूरदर्शन-आकाशवाणीच्या जागेवरचं म्हणा, तर सातोच्या मते ते सगळं वरवरचं आहे, एनएचकेचा खरा अर्थ 'निहोन हिकिकोमोरी क्योकाई', म्हणजे जपानची हिकिकोमोरी संघटना (हिकिकोमोरी म्हणजे सातोसारखे खोलीत कोंडून घेतलेले लोक), आणि पोरांना ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, नादी लावून घरात डांबून ठेवायचं हे तिचं गुपित कारस्थान आहे. (यात एक छुपा विनोद आहे जो आपल्याला पटकन कळत नाही. तिकडे एनएचकेची फी वसूल करायला माणसं खरंच दारोदार यायची आणि लोक त्यांना टाळायला घरात नाहीच असं दाखवत गप्प बसायचे. म्हणजे बेल वाजली की श्वास रोखून बसणं हे फक्त सातोचं काम नव्हतं.)

एक दिवस दारात धार्मिक पत्रकं वाटणारी एक बाई येते, तिच्या मागे छत्री घेतलेली मिसाकी नावाची मुलगी, आणि थोड्याच दिवसांत ही मिसाकी सातोला चक्क करारपत्र देते, की तू माझ्या प्रोजेक्टसाठी निवडला गेलायस, रोज रात्री पार्कात यायचं, मी तुला यातून बाहेर काढते. शेजारच्या खोलीतून दिवसरात्र ॲनिमेचं गाणं मोठ्याने वाजत असतं, सातो एकदाचा चिडून दार ठोठवायला जातो तर तो निघतो यामाझाकी, शाळेतला ज्युनियर, आता पक्का ओटाकू, म्हणजे ॲनिमे-मांगा-गेमचा वेडा. मिसाकीसमोर सातोने थाप मारलेली असते की मी काही रिकामा नाही, मी गेम बनवतो, ती थाप खरी करायला हे दोघं मिळून एक चावट गेम बनवायला घेतात. एवढ्यावर मांगा सुरू होते, आणि सांगतो, जबरदस्त सुरू होते.

मूळ ही तात्सुहिको ताकिमोतोची कादंबरी, 2002 ची. मांगा 2004 ते 2007 कादोकावाच्या 'शोनेन एस' या मासिकात आली, चित्रं केंजी ओइवाची, आणि मधेच 2006 मध्ये गोन्झो स्टुडिओने 24 एपिसोडचं ॲनिमे केलं. मांगाची गोष्टसुद्धा ताकिमोतोचीच आहे, म्हणून कोणा परक्याने येऊन बिचाऱ्या लेखकाच्या कादंबरीची वाट लावली असं म्हणायची सोय नाही. शिवाय ताकिमोतो स्वतःला उघडपणे हिकिकोमोरी म्हणवून घेणारा माणूस, जे लिहिलं ते आतून माहीत असलेलं. मग ज्याला ती खोली इतकी आतून माहीत आहे त्याच्याच मांगात खोली इतकी कमी का, हा माझा प्रश्न.

ती खोली म्हणजे नक्की काय हे आधी सांगतो, नाहीतर माझा वैताग कळणार नाही. हिकिकोमोरी हा शब्द घराघरात पोचवला तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञाने, 1998 च्या त्याच्या पुस्तकातून. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ घरात, शाळा नाही, नोकरी नाही, आणि दुसरा कुठला मानसिक आजार हे त्याचं मुख्य कारण नाही, अशी साधारण त्याची व्याख्या. पण त्या पुस्तकातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट व्याख्या नाहीये, तीन वर्तुळं आहेत. एक माणसाचं, एक घराचं, एक समाजाचं. एरवी ही तिन्ही एकमेकांना कुठे ना कुठे टेकलेली असतात, देणंघेणं चालू असतं. हिकिकोमोरीच्या घरात मुलगा आईबापापासून तुटतो हे आपल्याला दिसतं, पण साइतो म्हणतो की त्याच वेळी आईबापसुद्धा बाहेरच्या जगापासून तुटतात, कोणाला सांगत नाहीत, पाहुणे बोलवत नाहीत, विषय निघाला की चहा टाकायला उठतात. म्हणजे एक माणूस खोलीत आणि त्या खोलीभोवती अख्खं घर कोंडून बसलेलं.

आता बघा सातो कुठे राहतो. एकटा, स्वतःच्या अपार्टमेंटात! जपानमधले बहुसंख्य हिकिकोमोरी आईबापाच्या घरात राहतात, वरच्या मजल्यावर नाहीतर आतल्या खोलीत, आणि या विषयावरची सगळ्यात गाजलेली मांगा जो हिकिकोमोरी घेऊन आलीये त्याच्या घरात आईबापच नाहीत. पैसे येतात, अधूनमधून घरचा फोन येतो, की संपलं. कादंबरीत हे चाललं, कारण कादंबरी छोटी आहे, सगळं 'मी'च्या तोंडून आहे, त्या बडबडीतच आपण गुंगून जातो. आठ व्हॉल्यूमच्या मांगाला ही पळवाट परवडायला नको होती. साइतोच्या तीन वर्तुळांपैकी एक तिने पहिल्याच पानावर पुसून टाकलं आणि मग उरलेल्या दोघांत धक्काबुक्की लावून दिली.

आणि धक्काबुक्की म्हणजे किती. मासिकात चालणारी सिरीज म्हटल्यावर दर महिन्याला काहीतरी घडायला हवं, बरोबर? 'शोनेन एस' वाचणारी पोरं दर महिन्याला नवीन धमाल शोधणार. पण हिकिकोमोरीच्या आयुष्यात नेमकं काहीही घडत नाही, तोच तर त्याचा सगळा प्रॉब्लेम आहे, मग करायचं काय, तर सातोला उचलून बाहेर नेऊन सोडायचं. आधी चावट गेमसाठी अकिहाबाराच्या, म्हणजे टोकियोतल्या ओटाकूंच्या बाजारपेठेच्या, वाऱ्या. मग शाळेतली जुनी मॉनिटर भेटते आणि त्याला साखळी मार्केटिंगमध्ये अडकवते. मग ऑनलाइन गेमचं व्यसन. मग शाळेतली सीनियर हितोमी, जिला स्वतःलाच सगळीकडे कारस्थानं दिसतात, ती त्याला फिरायला म्हणून नेते आणि तिथे पोचल्यावर कळतं की ही इंटरनेटवर ओळख झालेल्या लोकांनी एकत्र जीव द्यायला ठरवलेली सहल आहे. एकेक प्रसंग सुटा घेतला तर भारी आहे, साखळी मार्केटिंगचा तर मी परत परत वाचतो, कारण एकट्या पडलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी प्रेमाने 'ये ना मीटिंगला' म्हणतं तेव्हा तो कसा विरघळतो ते त्यात नेमकं आलंय. ज्याने कधी असल्या हॉटेलातल्या 'सेमिनार'ला खुर्ची गरम केलीये, आणि आपल्याकडे कोणी नाही केली, त्याला ते वाचताना कानकोंडं होतं.

पण सगळं एकापुढे एक ठेवलं की दिसतं काय, तर 2000 च्या आसपास जपानी पेपरांत तरुण पिढीच्या नावाने जेवढ्या चिंता छापून येत होत्या त्या सगळ्यांची ही सहल आहे आणि सातो तिचा गाईड आहे. ओटाकू झाले, गेमचं व्यसन झालं, नेटवरचे आत्महत्येचे ग्रुप झाले, पुढचा स्टॉप कुठला? या माणसाचं सोशल लाइफ माझ्यापेक्षा बरं आहे हो. जिवाला जीव देणारा शेजारी आहे, मिसाकी आहे, हितोमी आहे, मॉनिटर आहे. गोष्ट सांगते की याला माणसांची भीती वाटते आणि पान उलटलं की हा कोणाच्या तरी समोर उभा. भीती तोंडी आहे, चित्रात नाही.

फॅन सर्व्हिसबद्दल, म्हणजे वाचकांना खूश करायला घुसडलेल्या मुलींच्या चावट चित्रांबद्दल, मी फार लिहीत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाहीये. ओइवाचा हात चांगला आहे, स्वच्छ रेष, चेहरे मस्त, सातोच्या डोळ्यांखालची वर्तुळं आणि ती घाबरून वेडीवाकडी झालेली तोंडं तर एकदम खास, पण मुली आल्या की त्याला मासिकाचं गिऱ्हाईक आठवतं आणि पॅनल त्यांच्या कपड्यांवर जाऊन बसतं. गोष्टीत सातो आणि यामाझाकी असल्याच चित्रांच्या आहारी गेल्याबद्दल स्वतःची थट्टा करतात आणि मांगा तीच चित्रं आपल्याला विकते. हे मुद्दाम केलेलं व्यंग आहे असं म्हणणारे फॅन आहेत. मला नाही पटत. व्यंग एकदा होतं, आठ व्हॉल्यूम चाललं की तो धंदा होतो.

मला खरं दुखतं ते वेगळंच. वेळ काढायला, आणि 'वेळ काढणं' हे चित्र म्हणून काढायला, मांगाइतकं चांगलं माध्यम दुसरं नाही. सिनेमात रिकामा वेळ दाखवायचा तर प्रेक्षकाला तेवढा वेळ बसवून ठेवावं लागतं, कादंबरीत शब्द वापरावे लागतात आणि शब्द आला की रिकामेपणा भरून जातो. मांगात तुम्ही नुसता पडदा काढू शकता. पुढच्या पॅनलमध्ये तोच पडदा, उजेड थोडा सरकलेला. पुढच्यात सिगारेटची थोटकं वाढलेली. एक शब्द नाही, आणि दोन पॅनलच्या मधल्या त्या पांढऱ्या पट्टीत दिवस गेला की वर्ष गेलं हे वाचणाऱ्याने ठरवायचं. हिकिकोमोरीचं आयुष्य त्या पांढऱ्या पट्टीतच तर जातं! नाहीतर चार वर्षं जातातच कशी, कोणी एक दिवस उठून 'आता मी चार वर्षं बाहेर पडणार नाही' असं ठरवत नाही, आज नको, उद्या बघू, यातच सगळं जातं. हे 'उद्या बघू' काढून दाखवायची ताकद असलेलं माध्यम हातात, ते आतून माहीत असलेला लेखक बरोबर, आणि मांगा ती चार वर्षं सुरुवातीच्या पानांतच गुंडाळून टाकते आणि दाराची बेल वाजवते.

हे मागणं काही फार आगाऊ नाहीये, कारण जपानमध्येच हे करून झालेलं आहे. योशिहारु त्सुगेची 1985-86 मधली 'मुनो नो हितो' घ्या. मांगा काढणं सोडून दिलेला एक माणूस तामा नदीच्या काठावर खोपट टाकून नदीतलेच दगड विकायला बसतो. नदीतले दगड, नदीच्या काठावर! कोण घेणार? कोणी घेत नाही. बायको बोलते, मुलगा संध्याकाळी बापाला घरी न्यायला येतो, बस. तो खोलीत कोंडलेला नाहीये, उघड्यावर बसलाय, तरी सातोपेक्षा जास्त कोंडलेला वाटतो, कारण त्सुगे त्याला कुठे पळू देत नाही आणि बायकोचा चेहरा सतत समोर ठेवतो. तो चेहरा बघितला की घर चालवणाऱ्यावर काय येतं ते कळतं, आणि 'एनएचके'मध्ये नेमका हाच चेहरा गायब आहे.

कोणी म्हणेल ती गंभीर मांगा, ही कॉमेडी, तुलना कशाला. मान्य, पण मग हिदेओ आझुमाची 'शिस्सो निक्की' बघा, 2005 ची, म्हणजे 'एनएचके' चालू असतानाचीच. आझुमा स्वतः घर सोडून पळाला होता, रस्त्यावर राहिला, कचऱ्यातलं शोधून खाल्लं, गॅसच्या पाइपलाइनवर मजुरी केली, दारूपायी दवाखान्यात पडला, आणि हे सगळं त्याने गोल गोल गुबगुबीत चित्रांत, हसवत हसवत सांगितलं. वास्तवाचा जडपणा शक्य तेवढा बाजूला ठेवणार हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. 2006 ला मांगासाठीच्या तेझुका पुरस्काराचं मोठं बक्षीस त्याला मिळालं. म्हणजे हसवणं हा दोष नाहीच, उलट आझुमाचं हसू जेवढं गोड तेवढं आपल्याला गार वाटतं. 'एनएचके'चा विनोद मात्र प्रत्येक वेळी नेमक्या जागी येऊन सातोला वाचवतो. जिथे अजून एक पान थांबलं असतं तर सहन झालं नसतं तिथे यामाझाकी दार ढकलून आत येतो.

मी या घराच्या मुद्द्यावर एवढा का अडलोय त्याला कारण आहे. आमच्या नात्यात एक दादा होता, आत्याचा मुलगा. ग्रॅज्युएशननंतर वरच्या खोलीत गेला आणि बरीच वर्षं वरच राहिला. त्याला कोणी कुठलं जपानी नाव दिलं नाही, द्यायची गरजही पडली नाही, कारण आपल्याकडे एक फार सभ्य पांघरूण तयार असतं, 'एमपीएससीची तयारी चालूये'. पहिली दोन वर्षं ती खरंच चालू असेल. मग जाहिरात निघाली नाही, मग वय चाललं, मग फक्त वाक्य उरलं. आत्या ताट झाकून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची आणि 'ठेवलंय रे' म्हणून खाली यायची, हे मी लहानपणी सुट्टीत कितीतरी वेळा बघितलंय आणि तेव्हा त्यात काही वेगळं आहे असंही वाटलं नव्हतं. नंतर हळूहळू लक्षात आलं की आत्या लग्नाकार्याला यायची थांबली. काका यायचे, अक्षता टाकायचे आणि जेवणाच्या पंगतीत कोणी शेजारी बसून 'मोठा काय करतो' विचारायच्या आत निघायचे. दादाला दार लावून बसायला निदान स्वतःची खोली होती, या दोघांनी तर उघड्या घरात दार लावून घेतलेलं. पुढे तो बाहेर पडला, कसा पडला ते त्याचं त्याला, इथे सांगायचं नाही. पण साइतोची ती वर्तुळं मी वाचली तेव्हा मला जपान दिसलं नाही, तो जिना दिसला.

आणि हे फक्त माझ्या डोक्यातलं नाहीये. 2015 मध्ये एक अभ्यास छापून आला, जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि भारत या चार देशांत मिळून असे 36 जण शोधून त्यांच्याशी बोलून केलेला. छोटाच अभ्यास आहे, त्यावरून आकडेमोड करायला जाऊ नये, पण 'हे सगळं जपानी लोकांचं काहीतरी विचित्र' असं म्हणून हात झटकणाऱ्यांना दाखवायला बरा आहे.

तर मांगा. तिची सगळ्यात भारी गोष्ट, जिच्यासाठी ती मी तरीही लोकांना वाचायला देतो, ती म्हणजे मिसाकी. पहिल्यांदा वाटतं ही तीच ठरलेली मुलगी, आभाळातून पडून हिरोचं भलं करणारी, ॲनिमेत अशा शेकड्याने सापडतात. मग हळूहळू वास यायला लागतो. ही रात्री पार्कात वही घेऊन येते, मानसशास्त्राच्या पुस्तकांतून काहीतरी अर्धवट उतरवून आणलेलं असतं, लेक्चर देते, आणि सातो थोडा बरा व्हायला लागला की हिचा चेहरा पडतो. कारण तिला तो बरा व्हायला नकोच आहे. जगात आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर निदान एक माणूस असावा, ज्याला आपली गरज पडेल, जो आपल्याला सोडून जाऊ शकणार नाही, म्हणून तिने त्याला निवडलाय. मदत करणाऱ्या माणसाची ही आतली भूक फार कमी लोकांनी इतक्या सरळ दाखवलीये. मांगातली मिसाकी तर कादंबरी आणि ॲनिमेपेक्षा जास्त काटेरी आहे, जास्त खोटं बोलते, आणि मला ती जास्त खरी वाटते.

जपानमध्ये हे काम खरोखर करणारे लोक आहेत. चिबा भागातली न्यू स्टार्ट नावाची संस्था 'रेंटल सिस्टर' पाठवते, म्हणजे आईबापांनी बोलावल्यावर एक ताई येते, आधी नुसती पत्रं लिहिते, मग दाराबाहेर बसून बोलते, आतून उत्तर यायला कित्येक महिने जातात, कधी त्याहून जास्त. त्या दाराबाहेर बसलेल्या बाईच्या मनात काय चालत असेल? आज दार उघडलं तर आनंद, पण मग माझं इथलं काम संपलं, हेही मनात येत असेल ना? मिसाकीच्या रूपाने ताकिमोतोने अगदी बरोबर नस पकडली होती. फक्त तिला दार मिळालं नाही. दाराबाहेर बसून वाट बघायला लागली असती तर मिसाकी काय झाली असती! त्याऐवजी तिला सातो रोज रात्री पार्कात आयता मिळतो, आणि मग तिच्यातला गुंता फुलवायला मांगाला तिचं भूतकाळातलं दुःख, पळून जाणं, रडारड असले हिशेब मांडावे लागतात. शेवट कादंबरीपेक्षा वेगळा आहे, सांगत नाही, पण शेवटचे दोन व्हॉल्यूम वाचताना लेखकाला घरी जायची घाई झाल्यासारखं वाटतं एवढं सांगतो.

ॲनिमेला नावं ठेवणारे नेहमी म्हणतात की त्यातून ड्रग्जचा भाग काढला म्हणून ते सौम्य झालं. झालं असेल. पण यामाझाकीचा निरोप त्यात जसा आलाय तसा मला मांगात सापडला नाही. यामाझाकीच्या घरची होक्काइदोला शेती, गुरं, हा इकडे गेम बनवायची स्वप्नं घेऊन आलेला आणि शेवटी त्याला परत जावंच लागतं. त्याच्याबद्दल मला सातोपेक्षा जास्त वाटतं, खरं सांगायचं तर. सातो कुठेच जात नाही म्हणून त्याच्यावर पुस्तकं निघतात, आणि जो निमूटपणे घरच्या शेतीवर जाऊन उभा राहतो त्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. ॲनिमेत खोलीचे आवाजही आहेत, भिंतीपलीकडचं ते गाणं सतत ऐकू येतं, त्यामुळे खोली निदान खोली वाटते. मांगात ते गाणं म्हणजे हवेत तरंगणारी काही अक्षरं.

ही मांगा ज्या काळात आली तेव्हा जपानमध्ये या लोकांकडे बघायची नजर फार वाईट होती हेही धरायला हवं. 2000 साली निगाता प्रांतात एका माणसाने एका मुलीला नऊ वर्षांहून जास्त काळ घरात डांबून ठेवल्याचं उघड झालं, त्याच वर्षी मे महिन्यात एका सतरा वर्षांच्या पोराने बस पळवली, दोन्हीकडे बातम्यांत हिकिकोमोरी हा शब्द चिकटवला गेला आणि खोलीत बसलेला प्रत्येक जण लोकांना उद्याचा गुन्हेगार वाटायला लागला. अशा वेळी कोणीतरी सातोसारखा बावळट, लाजरा, थापाड्या, आतून चांगला पोरगा उभा केला आणि त्याच्यावर हसायला शिकवलं, हे काही थोडं नव्हतं. त्यासाठी मांगाला मार्क देतो. नोकऱ्यांचा दुष्काळ पडलेला काळ होता तो, नव्वदच्या सुरुवातीला तेजी फुटली आणि पुढची दहाएक वर्षं कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांसाठी कंपन्यांची दारं किलकिलीच राहिली. सातो त्याच रांगेतला. मांगात याचा उल्लेखही फारसा होत नाही, कारस्थानाची थिअरी येते. पण मला नेहमी वाटतं की ती थिअरी म्हणजे या सगळ्याचंच वेडंवाकडं झालेलं रूप आहे. कोणीतरी हे मुद्दाम करतंय असं वाटायला जागा होती.

2002 मध्ये 22 वर्षांचा असलेला सातो आज पंचेचाळीसच्या पुढे गेलाय. जपान सरकारने आधी या लोकांची पाहणी केली ती 15 ते 39 वयाचीच, 2016 ला आकडा दिला 5 लाख 41 हजार, जणू चाळिशी आली की माणूस आपोआप खोलीबाहेर येतो. मग 40 ते 64 वाल्यांची वेगळी पाहणी केली आणि 2019 ला कळलं की तेच 6 लाख 13 हजार निघाले, तीन चतुर्थांशपेक्षा जास्त पुरुष. 2023 मध्ये 15 ते 64 असा सगळ्यांचा मिळून अंदाज आला 14 लाख 60 हजार. तिकडे याला '8050' म्हणतात, ऐंशीचे आईबाप आणि पन्नाशीचं पोर, पेन्शनवर चाललेलं घर. कधी आईबाप गेल्याचं बाहेर कळायलाच वेळ लागतो, कारण सांगणार कोण.

सातोला घरून पैसे येत राहतात ही गोष्ट मांगाने एक सोय म्हणून वापरली, प्लॉट पुढे ढकलायला, पैसे आले की खोलीत, आटले की बाहेर. पण ते पैसे कोणीतरी दर महिन्याला बँकेत जाऊन भरत होतं. स्लिपवर मुलाचं नाव लिहिताना त्या बाईच्या मनात काय येत होतं, नवऱ्याला सांगून भरत होती की लपवून, शेजारणीने विचारलं तर काय सांगत होती, याची एक अख्खी मांगा होऊ शकली असती आणि तीच या आठ व्हॉल्यूमच्या पोटात पडून राहिली.

वाचायची असेल तर वाचाच, मी नको म्हणत नाहीये. इंग्रजीतले व्हॉल्यूम टोक्योपॉपने काढले होते, त्यांनी 2011 ला अमेरिकेतलं दुकान आवरलं तेव्हापासून जुने सेट शोधावे लागतात आणि विकणारे वाट्टेल ती किंमत लावतात. पहिले तीन व्हॉल्यूम मिळाले तरी खूप झालं. मग कादंबरी वाचा, ती छोटी आहे. ॲनिमे मात्र सलग चोवीस बघू नका, मधे मधे खाली एक चक्कर मारून या.